बदलापुरातली डोलकाठी

३ नोव्हेंबर

आज सकाळी बदलापुरात रुजू झालो. एकोणीस वर्षं कुलाब्याच्या मोठ्या हॉटेलात काढून माणूस इथे येतो, म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलं असणार, असं लोक म्हणतील. म्हणोत. नदीच्या बाजूची खोली मिळाली आहे, हवा छान आहे, आणि मला, या हेमचंद्रला, काही शिकवू शकेल असा एकही माणूस इथे नाही. मन प्रसन्न आहे.

हॉटेलचं नाव ‘गलबत’. मालक महिपतीशेठ. बापाच्या भातशेतीवर त्यांनी टॉवर उभे केले, तरी हौस फिटेना, म्हणून उरलेल्या तुकड्यावर हे जहाज. गोल खिडक्या, वेटरना पट्ट्यापट्ट्यांचे टी-शर्ट, संडासाच्या दारावर नांगर. समुद्राचा वाससुद्धा इथवर कधी आला नसेल. तेवीस तारखेच्या उद्घाटनाआधी हे सगळं मला माणसांत आणायचं आहे.

अंगणात मात्र एक खरी वस्तू आहे. कोकणातल्या एका खाडीच्या चिखलात रुतलेल्या जुन्या जहाजाची मोठी डोलकाठी शेठनी उपटून आणली आणि इथे काँक्रीटमध्ये रोवली. साठ फूट सागवान. चढायला दोन्ही बाजूंना लाकडी खुंट्या, शेंड्याशी टेहळणीवाल्याने बसायचा माचा. तिथल्या लोकांनी इतकं चांगलं लाकूड इतकी वर्षं चिखलात का सोडलं, हे विचारायचं शेठना सुचलेलं नाही. सुचलं असतं तर ते शेठ झाले नसते.

५ नोव्हेंबर

शीड शिवायला टाकायचं म्हणून उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये गेलो. मुकेश नावाचा मांडवाचं कापड शिवणारा. त्याने चहा पाजला, टेन्शन मत लो साहेब, एकदम ओरिजनल माफिक बनवतो म्हणाला, आणि काठाला सोनेरी लेस लावू का असं विचारलं. लेस नको, हे मी तीनदा सांगितलं. लेस येणार.

डोलकाठीला तेल-वॉर्निश द्यायला अंबरनाथचा बबन लावला आहे. वय पन्नाशीचं, कारखान्यांची धुराडी रंगवण्यात जन्म गेला. बायको चांगुणा बरोबर असते, ती खालून त्याच्या कमरेचा दोर धरते. दोघांनी जय भीम केला. मी मान हलवली. बबनने डोलकाठीवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. लाकूड ओलं आहे म्हणाला. महिनाभर उन्हात उभं असलेलं लाकूड. काम टाळायची कारणं मी खूप ऐकली आहेत, हे त्यातलं जरा कल्पक.

८ नोव्हेंबर

बबन आज माच्यापर्यंत पोचला. अकराच्या उन्हात चढला आणि दहा मिनिटांत खाली आला. पायरीवर बसून दोन तांबे पाणी प्यायला. मग मला सांगायला आला, तेही चप्पल बाहेर काढून.

वरून टॉवर दिसत नाहीत म्हणाला. नदी नाही, रेल्वेची लाइन नाही. चहूकडे पाणी. खाली बघितलं तर अंगण नाही, लाकडी डेक, आणि त्यावर आठ-दहा माणसं माना वर करून त्याच्याकडे बघत उभी. फाटकी, वाळलेली, ओठ फुटलेली. ती एकच विचारत होती, जमीन दिसतेय का.

मी विचारलं, तू काय सांगितलंस? तो म्हणाला, काहीच नाही साहेब, मी कोण सांगणारा, गुपचूप उतरलो. उतरताना त्यांच्यामधूनच आलो. एकाने खांद्याला हात लावला.

सगळा स्टाफ तोंड उघडं टाकून ऐकत होता. मी बबनला म्हटलं की पुढच्या वेळी त्यांना सांग, हो, जमीन दिसतेय, बदलापूर दिसतंय, सरळ या, तेवीस तारखेला उद्घाटन आहे. वेटर हसले. बबन हसला नाही. सांगू का खरंच, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, माझा निरोप म्हणून सांग.

इथल्या माणसांना थट्टासुद्धा समजावून सांगावी लागते.

११ नोव्हेंबर

त्याने सांगितलं.

दुपारी वरून आला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला. पँटमधून पाणी निथळत होतं. सगळ्या बादल्या मी मोजून पाहिल्या, नळ बंद होता. म्हणाला, तुमचा निरोप ऐकून ती माणसं रडायला लागली, एकमेकांना मिठ्या मारल्या, शीड ओढलं, जहाज वळवलं. आणि थोड्या वेळाने खालून मोठा आवाज झाला, खडकावर आपटल्यासारखा. आता डेकवर पाणी चढतंय.

मी खोटं बोललो साहेब, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी खोटं बोललो. ‘तुम्ही बोलायला लावलंत’ असं एकदाही म्हणाला नाही. हेही एक नाटकच. असल्या माणसांना समोरच्याला ओशाळं करायची कला जन्मजात असते.

१३ नोव्हेंबर

मुकेशचं शीड आलं. लेससकट.

ते वर बांधायचं होतं. बबन नाही म्हणाला. शेठ पाहुणे घेऊन आले होते, त्यांच्यासमोर नाही म्हणाला. मी आवाज न चढवता एवढंच म्हटलं की धुराडी रंगवणारा मर्द बायकोच्या दोराला बांधून चढतो, तेव्हाच मला समजायला हवं होतं. पाहुण्यांना ते आवडलं. चांगुणाने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. बबनने शीड खांद्यावर घेतलं आणि चढला.

मी पाहुण्यांना स्वयंपाकघर दाखवायला आत नेलं. बाहेर आलो तेव्हा दोर जमिनीवर वेटोळं होऊन पडला होता आणि शिडाचा एक कोपरा वर फडफडत होता. माचा रिकामा. चांगुणा सांगते, तो उतरायला लागला होता. अर्ध्यावर आला आणि थांबला, नदीत उतरताना माणूस पायाने खोली बघतो तसा. पाय खाली घातला, वर घेतला. मग परत वर गेला. मग दिसला नाही.

दोराचं टोक ओलं होतं. तिने ते जिभेला लावलं. खारट आहे म्हणाली.

१४ नोव्हेंबर

पोलिस येऊन गेले. मागच्या भिंतीवरून पळाला असेल, असं लिहून घेतलं. मीच तसं सुचवलं. शेठ म्हणाले, उद्घाटन होऊ दे, मग बघू.

तिन्ही भिंती मी स्वतः पाहिल्या. वर काचा लावलेल्या आहेत. एकीवरही रक्त नाही.

१७ नोव्हेंबर

चांगुणा रोज सकाळी येते, डोलकाठीला पाठ लावून बसते, संध्याकाळी अंबरनाथला जाते. रडत नाही. रडली असती तर हाकलता आली असती.

आज मला म्हणाली, तुम्ही वर जाऊन एक हाक मारा. माझी हाक पोचत नाही. तुमचं ऐकतात ते.

मी तिला कामावर आलेल्या माणसांसमोर वेडी म्हटलं.

दुपारी टेबलावरचा चहा कपात कलला. कप सरळ होता. वेटर भिंत धरून चालतायत. डोलकाठी स्थिर आहे. बाकी सगळं तिच्याभोवती हलतंय, हळू, एका लयीत —

१९ नोव्हेंबर

लाकडाला कान लावला. कोणी बघत नव्हतं तेव्हा.

आत पाणी आहे. आणि त्याच्या वर कुठेतरी एक माणूस खोकतोय. बबनला वॉर्निशचा खोकला होता.

उद्या शेठना सांगून हे उपटून टाकायला लावतो. भंगारात. क्रेन —

नाही. तो वर असेल तर —

२० नोव्हेंबर

सकाळी चांगुणाने साडीचा काष्टा घातला आणि खुंटीवर पाय ठेवला. गुडघे सुजलेले, तरी चार खुंट्या चढली. मी तिला खाली ओढली. का ओढली माहीत नाही. हे एकदाचं संपवतो म्हणालो. तिने दोर माझ्या कमरेला बांधला. गाठ दोनदा तपासली. मी तिला काय म्हटलं होतं ते तिच्या लक्षात असणार, तरी तपासली.

वही खिशात आहे. वरून काय दिसतं ते लिहून आणतो. सही करून. म्हणजे तोंडं बंद.

माच्यावर.

टॉवर नाहीत. काही नाही. पाणी. ऊन आहे आणि पाणी आहे.

बबन इथेच आहे. सात दिवस एका जागी बसलेला. ओठ फुटलेत. मला बघून सरकला. जागा केली. काही विचारलं नाही, फक्त चांगुणा कशी आहे एवढंच.

माणसं दिसत नाहीत. डेक दिसत नाही. चढताना मी कोरडा होतो, मग खाली हे —

दोर ओढला. मोकळा आला.

चांगुणाला हाक मारली. मालकिणीला मारावी तशी, अहो चांगुणाबाई म्हणून. बबन म्हणाला, ऐकू जात नाही साहेब, मी सगळं करून बघितलंय.

खालच्या खुंट्या मोजतोय. पाण्यावर अकरा दिसत होत्या. नऊ.

सांगितलं त्याला. चूक माझी होती म्हणून. तो म्हणाला, खोटं मी बोललो, तोंड माझं होतं.

पाच.

माच्यावर पाणी. बबन उंच आहे. म्हणाला खांद्यावर या, धुराड्यावर आम्ही असंच करायचो. मी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं नाही. चढलो.

शेंडा धरलाय. एका हाताने लिहितोय. त्याच्या छातीपर्यंत —

त्याने माझे घोटे घट्ट धरलेत. वर बघत नाही. वर तोंड केलं तर श्वास मिळेल त्याला, पण मग माझा तोल —

बबन, सोड, म्हटलं. ऐकत नाही. पहिल्यांदाच ऐकत —

डोकं गेलं पाण्याखाली. पकड आहे. अजून आहे. अजून