पोंगलनंतरचा शुक्रवार

प्रिय आई,

तुमच्या सिनेमाची तारीख ठरली. पोंगल झाल्यावरचा दुसरा शुक्रवार. पोंगलला मोठ्या नटांचे सिनेमे लागणार, ते उतरायला लागले की आपल्याला थिएटर मिळेल, असं कयल म्हणाली. ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला कळायला हवी होती. म्हणून रविवारच्या दुपारी लिहायला बसले आहे. श्रीधर आत झोपलाय. निदान डोळे मिटून पडलाय.

या दिवसांत आपण दोघी काय करायचो, आठवतं? डिसेंबर उजाडला की तुम्ही शाळेतली जुनी वही काढायच्या आणि पुढच्या वर्षीच्या सिनेमांची यादी करायच्या. पोंगलचे वेगळे, एप्रिलात चित्तिरैच्या नववर्षाचे वेगळे, दिवाळीचे वेगळे. एका सिनेमाची तारीख तीन वर्षं पुढेच जात होती, तर तुम्ही त्याच्यापुढे लिहिलं होतं, "मुलगी पसंत, मुहूर्त नाही." बघायला गेल्यावर निम्म्या वेळा तुम्हाला झोप लागायची. पण वाट बघण्यात तुमच्याइतकी हौस मी कुणाची पाहिली नाही.

मी सांगलीहून लग्न करून चेन्नईत, नंगनल्लूरला आले तेव्हा मला तमिळचं अक्षर येत नव्हतं, आणि तुमची मराठीही धड कळत नव्हती. तुम्ही 'कोठे', 'तेथे' म्हणायच्या आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल काढायच्या. मी एकदा हसले, तर तुम्ही म्हणालात, "आम्ही तंजावरास निघालो तेव्हाची मराठी आहे ही. बदलली ती मागे राहिलेल्यांनी." मग मला तमिळ शिकवायला तुम्ही सिनेमाला न्यायला लागलात. पहिलं वर्षभर तुम्ही अंधारात माझ्या कानाशी भाषांतर करत होता आणि मागच्या रांगेतले लोक चिडत होते.

म्हणूनच तर कयल घरी आली तेव्हा मी मध्ये पडले ना!

तुमच्याकडे इतिहास शिकलेली ती मुलगी आता दिग्दर्शक झाली होती. तिचा पहिला सिनेमा, आणि त्यात तिला तुम्ही हव्या होता. म्हातारी शिक्षिका आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला शोधत मच्छीमारांच्या गावात येते, एवढीशी भूमिका, तीन प्रसंग. तुम्ही नको नको म्हणालात. श्रीधर म्हणाला, या वयात हे कशाला? आणि मी म्हटलं, "आई, आयुष्यभर दुसऱ्यांच्या सिनेमांची यादी केलीत. एकदा स्वतःच्या सिनेमाची वाट बघा." दुसऱ्या दिवशी तुम्ही कयलला फोन केलात.

सात महिने माझं ते वाक्य मी रोज ऐकते आहे.

चेन्नईजवळच्या कोवलमच्या किनाऱ्यावरचा शूटिंगचा तो शेवटचा दिवस. मे महिना, कत्तिरीचं, वर्षातलं सगळ्यांत कडक ऊन, वाळूवर चप्पल घालूनही पाय भाजत होते. तुम्हाला वाळूतून चालत जायचं होतं आणि बोटीवरच्या मारीला, त्या जुन्या विद्यार्थ्याला, हाक मारायची होती. शॉट सात वेळा घेतला. पाचव्या वेळी तुम्हाला डावा हात चोळताना मी पाहिलं आणि जवळ येऊन विचारलं. तुम्ही म्हणालात, "बांगड्या रुतल्यात घामानं." मी ताक आणून दिलं. तुम्ही ते प्यालात, पदर सारखा केलात आणि पुन्हा उन्हात गेलात.

मी तेव्हाच तुम्हाला हाताला धरून का नाही नेलं?

त्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. हॉस्पिटलच्या जिन्यावर श्रीधर मला एवढंच म्हणाला, "तू मागे लागली नसतीस, तर ती त्या उन्हात उभी राहिली नसती." आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं. त्यानंतर तो पुन्हा कधी ते बोलला नाही, आणि दुसरंही काही बोलला नाही. दूध आलं का. बस चुकेल. किल्ली कुठंय. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्याची बस पकडून तो पहाटे जातो, आल्यावर जेवतो, टीव्हीसमोर बसतो. मला भांडायचं होतं, आई. पण काय म्हणून भांडणार? मलाही तेच वाटत होतं.

मंगळवारी कयलचा फोन आला तो अशा घरात. श्रीधर तिचा फोन उचलत नाही, म्हणून तिनं मला केला.

तारीख सांगून ती अडखळली. तुम्ही डबिंगच्या आधीच गेलात, त्यामुळे तुमच्या आवाजाचं काम राहिलंय. आता तीन मार्ग आहेत म्हणाली. दुसऱ्या बाईंकडून बोलून घ्यायचं. नाहीतर मशीनवर तुमच्यासारखा हुबेहूब आवाज तयार करायचा, हल्ली तेही होतं. नाहीतर शूटिंगच्या वेळी तुमच्या पदराला लावलेल्या माइकमध्ये जे आलंय तेच स्वच्छ करून वापरायचं. पण काहीही करायचं तर मुलाची सही हवी. सोमवारी आवाजाचं शेवटचं काम सुरू होणार. ती म्हणाली, "अक्का, आधी तुम्ही एकदा येऊन ऐका."

श्रीधरला न सांगता मी गुरुवारी अर्धी रजा टाकून ऑफिसातून थेट साळिग्रामच्या स्टुडिओत गेले. लहानशी खोली, आत कयल आणि आवाजाचं काम बघणारे एक गृहस्थ. त्यांनी मला हेडफोन दिला.

आधी लाटा. मग बोटीचं इंजिन. मग तुम्ही. "मारी! ए मारी!" शाळेच्या व्हरांड्यातून मारावी तशी हाक. मी तिथंच रडायला लागले. कयलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, अजून थोडं आहे, शॉटच्या आधीचं. माइक चालू राहिला होता. आम्हालाही ते आता या महिन्यात सापडलं. ऐकायचं की नाही, तुम्ही ठरवा.

मी ऐकलं.

तुमचे कपडे बघणारी ती सेल्वी विचारत होती, अम्मा, हात का थरथरतोय? आणि तुम्ही तिला अगदी सहज सांगत होता. नवरात्रात कोलूच्या बाहुल्या मांडताना पहिल्यांदा छातीत आवळलं, तेव्हापासून असंच होतं. घरी सांगितलंत का, तिनं विचारलं. "मुलाला एकदा सांगितलं. त्याची शिफ्ट बदलत होती, बिचाऱ्याची. सुनेला मात्र सांगू नकोस हं. ती मला आत्ता गाडीत घालून नेईल." मग तुम्ही हसलात. मग कुणीतरी शांत राहायला सांगितलं आणि शॉट सुरू झाला.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? मी सुटले, असं वाटलं. लाज वाटण्याइतकं बरं वाटलं. आणि त्याच्या मागोमाग तुमचा राग आला. नवरात्र ते मे! इतके महिने तुम्ही माझ्याबरोबर भाजी निवडली, गच्चीवर वडामाचे पापड वाळत घातले, सिनेमांना आलात. एकदाही तोंडातून शब्द काढला नाहीत? मी तुम्हाला गाडीत घालून नेलं असतं, हो. नेलंच असतं. त्यात इतकं घाबरण्यासारखं काय होतं?

कयलनं विचारलं, ही एवढी क्लिप फोनवर पाठवू का? मी म्हटलं, पाठव.

म्हणजे त्या जिन्यावरच्या वाक्याला माझ्याकडे आता उत्तर होतं. तेही तुमच्या तोंडून. तुम्ही मुलाला सांगितलं होतं, आणि मुलानं शिफ्ट बघितली होती. मी फोन पर्समध्ये टाकला आणि घरी आले.

शुक्रवारी काही बोलले नाही. शनिवारी संध्याकाळी मी सिनेमाचा विषय काढला. तारीख ठरलीय, सही लागणार आहे, एवढंच म्हटलं. श्रीधर हातात कॉफीचा पेला घेऊन उभा होता. तो म्हणाला, "तुला घाई झालीय का? पडद्यावर तिला पुन्हा उन्हात उभं केलेलं बघायची?"

फोन माझ्या हातात होता, आई. क्लिप उघडलेली होती. अंगठा ठेवला की झालं. माझे कान गरम झाले होते, डब्यात ठेवायला घेतलेल्या मुरुक्कूच्या चकल्या दुसऱ्या हातात मोडत होत्या. का नाही ऐकवलं, मला अजून नीट सांगता येत नाही. चांगुलपणा म्हणू नका. कदाचित भीतीच असेल. ऐकवल्यावर आमच्यात पुढे काय उरलं असतं, ते मला दिसेना. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आज सकाळी जेवणाच्या टेबलावर कयलनं दिलेला सहीचा कागद ठेवला आणि म्हटलं, उद्या द्यायचाय, तूच वाच, तूच ठरव. त्यानं चष्मा लावला. तिन्ही पर्याय दोनदा वाचले. पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

मग विचारलं, "शूटिंगच्या वेळचा आवाज तू ऐकलास?"

मी हो म्हटलं.

"काय काय आहे त्यात?"

मी म्हटलं, लाटा आहेत, बोटी आहेत. आई मारीला हाक मारतात.

"अजून?"

"दम लागलेला ऐकू येतो."

बाहेर शेजारच्या मामींचा कुकर शिट्ट्या देत होता. मग मान वर न करता तो म्हणाला, "नवरात्रात तिनं मला सांगितलं होतं, मृणाल. छातीत आवळतं म्हणून. मी म्हटलं, शिफ्ट बदलली की डॉक्टरकडे जाऊ. शिफ्ट बदलली. मी गेलो नाही, तिनं पुन्हा विचारलं नाही."

तो पुढे म्हणाला, "जिन्यावर तुला बोललो ना, तेव्हाही हे आठवत होतं. म्हणूनच बोललो."

आई, मी लगेच त्याला जवळ घेतलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही घेतलं. मी विचारलं, "सात महिने?" त्यानं मान हलवली. मी उठले, बाल्कनीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हटलं, आईंनी तुला दोष दिला नसता.

"तुला काय माहीत?"

"माहीत आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सात महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. पुढे काही विचारलं नाही. मग तो रडला, आई, टेबलावर हात पसरून, लहान मुलासारखा. तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सावरल्यावर त्यानं तिसऱ्या पर्यायापुढे खूण केली आणि सही केली. म्हणाला, "तिचाच राहू दे. दम लागलेला असला तरी."

तो आत गेल्यावर मी कयलला फोन केला आणि शॉटच्या आधीचं ते बोलणं कायमचं पुसून टाकायला सांगितलं. माझ्या फोनमधलंही पुसलं. पुसताना तुमचा हसण्याचा आवाज तेवढा ठेवता आला असता तर, असं फार वाटलं. चुकलं का माझं? तुम्ही त्याला 'बिचारा' म्हणालात, ते त्याच्या कानावर पडायला हवं होतं का? पण त्या एका शब्दासाठी त्याला बाकीचं सगळं ऐकावं लागलं असतं.

सगळं मिटलंय असं मी तुम्हाला सांगणार नाही. त्या सात महिन्यांचा राग माझ्या मनात आहे, थोडा त्याच्यावर, थोडा तुमच्यावर. तो जायला वेळ लागेल. पण दुपारी जेवताना त्यानं विचारलं, थिएटर कुठलं मिळतंय? मी म्हटलं, अजून कळलं नाही. तो म्हणाला, कळलं की सांग, मला रजा टाकावी लागेल.

एक वचन देते. त्या शुक्रवारी मी त्याला घेऊन जाईन. तुमचा दम अंधारात त्याच्या कानावर पडेल आणि त्याला उठून बाहेर पळावंसं वाटेल. तो उठला तर मी त्याच्याबरोबर उठेन. बाहेर पायऱ्यांवर बसू. आणि त्याचा श्वास सावरला की त्याला हाताला धरून पुन्हा आत नेईन.

तुमची सून,
मृणाल