आघोनीचे अक्षर

शिवसागर, ८ माघ, शके १८०२

चि. लीलाकांतास भद्रकांताचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी बायको जाऊन वर्ष उलटले. सारा वसूल करणाऱ्या मौजादाराची मुलगी तुला सांगून आली आहे; अकरा वर्षांची, घराणे तोलामोलाचे. तू मात्र कळवतोस की तुमची लेक आघोनी विधवा होऊन घरी बसली आहे, तिचे लग्न लागेल तेव्हाच मी बोहल्यावर चढेन! अरे शहाण्या, ब्राम्हणाच्या विधवेचे लग्न लावले तर गाव आम्हांला वाळीत टाकील, कीर्तनाच्या नामघराची पायरी चढू देणार नाही. गुवाहाटीत बसून शब्दकोश करणाऱ्याचे काय जाते? त्या कोशात 'लाज' हा शब्द आहे, की उंदरांनी खाल्ला?

लोभ आहे, तो वाढवावा, ताणू नये.

भद्रकांत

गुवाहाटी, २० माघ

ती. दादांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र पावले. तांबड्या शाईने दुरुस्त करून परत धाडतो आहे. 'ब्राह्मण' चुकला आहे. ज्याच्या जिवावर एवढा तोरा, तो शब्द तरी नीट लिहावा. 'लाज' कोशात आहे. उदाहरणादाखल तुमचे नाव घालू का? बेचाळिसाव्या वर्षी अकरा वर्षांची बायको आणून तिला बाराखडी शिकवू, की मांडीवर झोपवू? जो समाज मला दुसरी बायको खुशाल देतो आणि पंधरा वर्षांच्या विधवा पोरीला मासळीचा तुकडा देत नाही, त्याची पंगत मला नको. माझी प्रतिज्ञा वर्तमानपत्रात छापून आली. लोक वाहवा करताहेत.

लोभ करावा, थोडा शुद्धलेखनावरही करावा.

लीलाकांत

शिवसागर, २ फाल्गुन

ती. काकांस आघोनीचा साष्टांग नमस्कार.

बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांची पत्रे मीच लिहिते, आलेली वाचूनही दाखवते. म्हणजे 'ब्राह्मण' माझ्या हातून चुकला. माझे लग्न होणे नाही, हे बाबा सांगत होते आणि मी लिहीत होते. पाटीवर माझा हात धरून अक्षरे तुम्हीच गिरवून घेतलीत ना? चूक बरी दिसली, माझे अक्षर नाही ओळखलेत!

प्रतिज्ञा वाचली. पुण्य तुम्हांला, उपास मला. परवा घरी रोहू मासा शिजला, सगळ्यांनी बोटे चाटली. तुमची प्रतिज्ञा काही माझ्या पानात पडली नाही. माझ्यासाठी एखाद्या मुलाला तरी विचारलेत का, काका? बाबा निदान तोंडावर नाही म्हणतात. वाहवा ऐकत बसण्यापेक्षा ते बरे.

मंगळवारच्या आगबोटीने मी गुवाहाटीला येते आहे. बाबांना सांगितले. ते म्हणाले की उंबरा ओलांडलास तर परत येऊ नकोस. आईने दिसांगमुखला, आगबोटीच्या घाटापर्यंत, गाडी सांगून ठेवली. आता मला माघारी यायला घर नाही. तुमच्या घाटावर गर्दी असते, ओळखीचे पंडितही असतात. नोकर पाठवू नका. स्वतः या, दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत.

लोभ असावा, असे लिहीत नाही. असेल तर घाटावर दिसेलच.

आघोनी