बोर्डावरचा धनेश आणि बाबांची गोळी

मी, धनेश महादेव मढवी, वय सव्वीस, राहणार विचुंबे, तालुका पनवेल, शिक्षण बारावीत एक विषय बाकी, व्यवसाय दर सहा महिन्यांनी वेगळा, आज सकाळी पूर्ण शुद्धीत, फक्त चहा घेऊन, कोणाच्याही धाकाशिवाय हे लिहून ठेवतो. आई म्हणते, धाक असता तर बारावी झाली असती. ते असो.

लिहिण्याचं कारण असं. येत्या सोमवारी रुग्णालयात माझ्या पाठीच्या कण्यात सुई घालून आतलं पाणी काढणार आहेत. तिथल्या एका अभ्यासासाठी पंधरा दिवस मी ब्राह्मीचा अर्क घेतोय. तो रक्तातून मेंदूपर्यंत पोचतो की नाही, हे त्या पाण्यावरून कळेल. सतरा पानी संमतीपत्रात ‘क्वचित’ हा शब्द नऊ वेळा आहे. तिथे काम करणारी माझी शाळेतली मैत्रीण हेतल म्हणाली, "अरे, फार तर दोन दिवस डोकं दुखेल. मृत्युपत्र काय लिहितोस?" मी म्हटलं, "क्वचितमध्ये माझाच नंबर लागतो."

कलम १. राहतं घर बाबांच्या नावावर आहे, सबब ते मी कोणालाही देऊ शकत नाही. चुलतभाऊ निकेश याने उगाच येऊन भिंती मोजू नयेत.

कलम २. माझ्याकडचं ज्ञान मी सर्वांना सारखं वाटून देतो. मेंदूकडच्या रक्तवाहिन्यांना बंदोबस्त असतो. मी न्हावा शेवा बंदरात सात महिने ट्रकवर क्लीनर होतो (पहाटे तिथे मिळणारं ऑम्लेट फार चांगलं, पण तो विषय नाही), त्यामुळे मला हे लगेच कळलं. या रक्तवाहिन्यांच्या भिंतीच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की फटच नसते. लहान आणि तेलात विरघळणारा पदार्थ भिंतीतूनच सरकतो. साखरेसारख्यांना स्वतंत्र गेट असतं. काही कसेबसे आत शिरतात, तर तिथले पंप त्यांना परत रक्तात ढकलतात. बाकीची लाईन बाहेरच. झाडपाला असो की कारखान्यातली गोळी, गेटवर ओळख चालत नाही. शाळेत आनंदा गुरुजी म्हणायचे, याच्या डोक्यात काही शिरत नाही. सगळ्यांचंच तसं असतं, हे तेव्हा त्यांनाही माहीत नसावं.

कलम ३. माझा विळा आणि तराजू कातकरवाडीच्या सोमीमावशीला द्यावेत. निकेश विकतो त्या ‘मेंदूसंजीवन’ बाटलीत जो ब्राह्मीचा पाला आहे, तो हिमालयातला नसून सोमीमावशीने आमच्या मागच्या ओढ्यातून काढलेला आहे. तो मेंदूसाठी विकतात हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मेंदूला? आमी तर गुडघ्याला चोळतो." हे तिचं म्हणणं बाटलीवर छापावं.

कलम ४. निकेशला मी काही देत नाही, फक्त आजवर त्याला केलेली माफी परत घेतो. विचुंबे नाक्यावर त्याचा जो बोर्ड आहे, त्यावर चष्मा घातलेला मी आहे. चष्मा निकेशचा. खाली लिहिलंय, ‘रक्तातून थेट मेंदूत!’ ती ओळ माझी. दोन वर्षं बोर्ड राहील या कागदावर सहीही माझी, न वाचता केलेली.

बाबांना दोन वर्षांपासून विसरायला होतं. डॉक्टरांनी गोळी दिली होती. ती भिंतीतून आत सरकते. हेतल सांगते, तिच्यातलं औषधही मुळात एका फुलाच्या कंदात सापडलं. पण बोर्ड लागला आणि बाबांनी गोळी बंद केली, बाटली सुरू केली. आता गॅसवर ठेवलेलं दूधही आठवत नाही. मी हात जोडून सांगितलं, बाबा, तो बोर्ड खोटा आहे, मीच सांगतोय.

"तू गप रं," बाबा म्हणाले. "तुज्यापेक्षा तो बोर्डावरचा शिकलेला हाय. चष्मा हाय त्याला."

म्हणून ही सुई. मला अहवालाचा कागद हवा होता. आई म्हणाली, "कागद दाखवशील, पन ते कागद वाचतात कुटं? बोर्ड वाचतात."

कलम ५. सबब माझ्या पश्चात माझी मोटारसायकल विकून, त्या बोर्डाच्या शेजारी तेवढाच दुसरा बोर्ड लावावा. फोटो तोच. मजकूर: ‘बाबा, डॉक्टरांची गोळी घ्या. मी पण सांगतोय.’

हे कलम परवाच कच्चं लिहून आईला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, "म्हंजे तू मरंपरेंत यांनी गोळी नाय घ्यायची?"

त्यामुळे मोटारसायकल काल गेली आणि बोर्ड आज चढतोय. वकील शशिकला मॅडम म्हणतात, जे जिवंतपणीच उरकलं ते मृत्युपत्रात घालता येत नाही. असेल. मी कलम खोडणार नाही.

लिहून देणार: धनेश महादेव मढवी (सही)

साक्षीदार:
१. हेतल हरेश घरत (सही)
२. सोमी शुक्रा वाघमारे (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ विचुंबे, दिनांक १४ नोव्हेंबर २०२५.

ता. क. बाबांना साक्षीला बसवायचं होतं, पण ते घरात नाहीत. नाक्यावर शिडी धरून उभे आहेत आणि वर चढलेल्या माणसाला ओरडून सांगतायत, "सरळ लाव रं, माजा पोर हाय तो!"