फोन मी तोडला नव्हता

धाकटे, ताईचा आशीर्वाद घे, आणि आईच्या पाया पडले म्हणून सांग.

तुझं पत्र पोचलं. "आई रोज फोन लावायला सांगते आणि तू रोज तोडतेस. ताई, एवढी कसली रागावलीस?" म्हणे! अगं, रागवायला वेळ आहे कुणाला? इथं धुलाईच्या कारखान्यात माझ्या मशीनचं हिरवं बटण म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बंद. तू पाठवलेला फोन बोंबलायला लागला की मी लाल दाबायची. तो गप्प बसायचा. मला वाटलं, शिकले!

पत्र शेजारच्या इस्त्रीवालीला दाखवलं. ती म्हणाली, "बाई, रोज आईच्या तोंडावर दार आपटत होतीस की गं." पण हसली नाही. पाच वेळा तिच्या फोनवरून लावून मला उचलायला शिकवलं. फार उपकार झाले तिचे.

काल आई बोलली, तर मी नुसती "हं, हं" करत राहिले. तिचा आवाज एवढा बारीक का झालाय? डॉक्टरला दाखवलंस का? खरं लिही.

फोन घेऊन दिलास, फार चांगलं केलंस. हे बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते. आईला सांग, आता रोज कामावरून आले की मी हिरव्या बटणावर अंगठा ठेवूनच बसते.

तुझी तापट ताई