सुनेचा ठसका

आत्याबाई, आज नातसुनेनं फोडणीत लाल मिरच्या टाकल्या आणि खोकून खोकून बिचारीचे डोळे लालभडक झाले. पुण्याची पोर, लग्न होऊन महिना झाला नाही. मी शेजारीच लसूण सोलत बसले होते, मला काहीच झालं नाही. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "आजी, तुम्हांला ठसका कसा लागत नाही हो?" मी तिला पाणी दिलं, खिडकी उघडली आणि आत येऊन कागद घेऊन बसले. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला मला आधी तुमचे हात आठवावे लागतात, मिरचीचे देठ खुडून टोकं कायमची तांबूस झालेली ती बोटं. तुम्हांला वाचता येत नव्हतं. तुम्ही असतात तरी हे पत्र मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि चार ओळी झाल्या नाहीत तोच तुम्ही म्हणाला असतात, "बस व माय, आते चूल पेटाड."

धुळ्याच्या मास्तरांची मुलगी मी, पुस्तकी मराठी बोलणारी. लग्न होऊन तुमची सून म्हणून नंदुरबारला आले ते थेट मिरचीच्या हंगामात. घरामागेच आपली पथारी, म्हणजे ओली मिरची उन्हात वाळत घालायचं मोठं मोकळं मैदान, आणि तिच्या कडेला पत्र्याचं गोडाऊन. मामंजी गेल्यापासून सगळा व्यापार तुमच्या हाती होता आणि भलेभले आडते तुमच्या तोंडाला भीत असत. मी मात्र आल्या दिवसापासून खोकत होते. दळताना खोकायची, वाढताना खोकायची, सत्यनारायणाच्या पूजेतसुद्धा खोकले. देठ खुडणाऱ्या बाया फिदीफिदी हसायच्या आणि तुम्ही म्हणायचात, "अय पोरी, मिरची खावाले शे, हुंगाले नही!" मला त्या वेळी तुमचा काय संताप यायचा म्हणून सांगू. गल्लीत कुजबूजही सुरू झाली होती, की मास्तरांनी पोरीचं काहीतरी दुखणं लपवून लग्न लावलं. तुम्ही त्या कुजबुजणाऱ्या बायांना दारातून हाकलून लावलंत, ते मला फार नंतर कळलं.

त्याच हंगामात दूर कुठल्यातरी शहरात दंगल झाली आणि तिच्या अफवा रेल्वेनं आपल्या गावात उतरल्या. आपल्या गल्लीच्या टोकाला पिंजाऱ्याचं घर होतं. मुसलमान माणूस, खाली मान घालून काम करणारा. अख्ख्या गल्लीच्या गाद्या-रजया त्यानं भरलेल्या. तो, त्याची बायको आणि चालायला लागलेली एक मुलगी. आधीच्या वर्षीही असाच भडका उडाला होता आणि कोणीतरी त्याची पिंजण्याची धनुकली कापसासकट जाळली होती. तेव्हापासून त्यानं ठरवलं होतं, इथं राहायचं नाही. बायकोचा थोरला भाऊ आफ्रिकेत मोंबाशाला होता, धाकटा सुरतेला. कागदपत्रं झाली होती, फक्त मुंबईहून बोट सुटायची वाट पाहायची होती. तेवढ्यात हे नवं लचांड आलं. या वेळी पोरं उघड म्हणायला लागली की घर जाळू आणि तेही आतल्या माणसांसकट. तुम्ही भरदुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना, तिघांना मागच्या वाटेनं आणून गोडाऊनमध्ये पोत्यांच्या थप्पीमागे बसवलंत. ह्यांना घाम फुटला. "माय, आपले बी जाळतीन," असं हे म्हणाले. तुम्ही ह्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालात, "तू कोन्ही गादीवर मोठा व्हयना रे? त्यानीच भरेल व्हती ना?"

तुमचा हिशेब साधा होता. मिरचीच्या गोडाऊनमध्ये भर हंगामात बाहेरचा माणूस पाऊल टाकत नाही. पण आत्याबाई, आयुष्य मिरचीत काढलेल्या बाईला ठसका आठवणार कसा? तुमच्या गावीही नव्हतं की ही कापसातली माणसं आहेत. दोन दिवस त्यांनी तोंडात कपड्याचे बोळे धरून काढले. माणसं धरतील, पण लेकरू कसं धरणार? मी ताकाचा तांब्या आणि भाकरी घेऊन आत गेले होते तेव्हाच बाहेर आवाज ऐकू आले. पाच-सहा जण पथारीत शिरले होते, सगळे आपल्याच गल्लीतले, तुमच्या हातची खापराची पुरणपोळी खाऊन वाढलेले. आणि पोर खोकली. आईनं तिचं तोंड दाबलं, तरी दुसरा ठसका निसटलाच. मी काय विचार केला म्हणाल तर काहीच नाही. मी मोठ्यांदा खोकले. आधी मुद्दाम, मग मिरचीनं खरंच गळा धरला आणि मला थांबवताच येईना.

बाहेर एक जण म्हणतो, "काकी, मझार कोन खोकली ऱ्हायनं?" तुम्ही म्हणता, "मन्ही सून शे." तो म्हणतो, "दोन जनास्ना आवाज उना." पत्र्याच्या फटीतून मला दिसतं, देठ खुडणाऱ्या बायांचे हात थांबलेत, आणि त्यांच्यातली एकही तोंड उघडत नाही, देव त्यांचं भलं करो. आणि मग तुमचा आवाज येतो, नेहमीच्या खणखणीत सुरात, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "क्षय शे तिले. रगत पडस. डॉक्टरनी आलगं ठेवाले सांगेल शे, म्हनीसन मझार ठेयेल शे. जावानं शे ते जा, देखी या!" कोणी आलं नाही. एकानं नाकाला उपरणं लावलं, एक म्हणाला, आता तुमची मिरची कोण घेईल, काकी? तुम्ही म्हणालात, ते मी पाहीन. ते गेले. पोत्यांमागे पिंजाऱ्याच्या बायकोनं माझा हात धरला, म्हणाली, "बहन, हमारी बला तुम्हारे सिर आ गई." मला तेव्हा नीट कळलंही नाही की माझ्या डोक्यावर काय आलंय.

ते हळूहळू कळलं. पुढच्या ट्रकमध्ये मिरचीच्या पोत्यांआड बसून ती तिघं नवापूरमार्गे सुरतेला धाकट्या भावाकडे आणि तिथून मुंबईला गेली, पण बोट सुटेपर्यंत तुम्ही शब्द मागे घ्यायला तयार नव्हतात. चुकून कोणाला संशय आला तर बंदरावर माणसं पाठवतील, असं तुम्हांला वाटायचं. तोवर मी गल्लीची रोगीण. हळदीकुंकवाची बोलावणी बंद, नळावर मी गेले की हंडे बाजूला सरकायचे, शेजारणीनं तिचं तान्हं माझ्यासमोरून झाकून नेलं. त्या हंगामात आपला माल दोन आडत्यांनी उचललाच नाही. आणि मग धुळ्याहून बाबा आले. कोणीतरी त्यांना कळवलं होतं. शाळा सोडून आलेला तो माणूस ओसरीवर बसून लहान मुलासारखा रडला, म्हणाला, चल पोरी, मिरजेच्या क्षयाच्या दवाखान्यात दाखवू, मी कर्ज काढतो. त्या दिवशी मी तुमचा द्वेष केला, आत्याबाई. माझं नाव होतं ते, तुम्ही मला न विचारता देऊन टाकलंत! तुम्ही मला आत बोलावून एवढंच म्हणालात, "तुले बापले सांगानं व्हई ते सांग. तुन्हा बाप शे." मी बाहेर आले आणि बाबांना म्हणाले, इथलं औषध लागू पडतंय, काळजी करू नका.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी धाकट्या भावाचा निरोप घेऊन सुरतेहून ट्रक परत आला. ड्रायव्हर खाली उतरला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "माल पोचना, मावशी. बोटवर चढना." तुम्ही मान डोलावलीत आणि त्याला अजून एक तांब्या पाणी दिलंत.

आखाजीला गल्लीतल्या माहेरवाशिणी लिंबाच्या झाडाखाली झोक्यावर बसलेल्या, गाणी चाललेली, आणि मी आपल्या ओट्यावर एकटी, आमरस आणि पुरणपोळी घेऊन. तुम्ही त्या गर्दीतून उठलात. माझ्यासमोर येऊन मांडी घातलीत, माझं ताट ओढून घेतलंत आणि मी अर्धी खाल्लेली पोळी माझ्याच उष्ट्या रसात बुडवून खायला लागलात. गाणी थांबली. "देखा व बाया, नीट देखी ल्या," तुम्ही ओरडलात. "मी खोटं बोलनू व्हतू. मन्ही सून चांगली शे. रोज तिन्हा ताटमा जेवसू, कोनले काय म्हनानं शे ते म्हना!" मग माझ्याच फुलपात्रातून पाणी प्यायला गेलात आणि तुम्हांलाच जबर ठसका लागला. साऱ्या बाया हसल्या, मी तुमची पाठ चोळत रडत होते आणि हसतही होते. का खोटं बोललात, ते तुम्ही मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाहीत. पण खुडणाऱ्या बायांमधली एक जण उठली आणि तिनं तिचं तान्हं आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

पिंजाऱ्यानं मोंबाशात गाद्यांचं दुकान टाकलं, असं सुरतेहून कळलं होतं. ती खोकणारी पोर आता आजी झाली असेल. नातसून अजून विचारतेय, आजी, काय लिहिताय एवढं? तिला म्हटलं, काही नाही गं, भाजी बघ. हा कागद आता चुलीत जाणार, दुसरीकडे कुठं पाठवू? फक्त एक राहिलंय. तुम्ही शेवटच्या आजारात एकदा म्हणाला होतात, "तुले इचारालं जोयजे व्हतं पोरी, मी इचारं नही." तेव्हा मी तुमचे पाय दाबत राहिले. आज सांगते. क्षयाचं नाव घेण्याआधी तुम्ही मला विचारलं असतंत ना, तर मी नाही म्हटलं असतं.