शून्याकडचं टोक

८ फेब्रुवारी २००४, रविवार
आणि परत तेच. माणूस परक्या मुलखातून फोन करतो, त्याला आधी तब्येत विचारावी, जेवलास का विचारावं. नाय. आई डायरेक्ट क्लासवर. धाकट्या बहिणीला, पौर्णिमाला, दहावीच्या गणिताचा क्लास लावायचा, मुरबाडला. फी आणि जीपचं भाडं धरून दोन हजार, मार्च संपायच्या आत. मागच्या फोनला सांगितलं होतं, बघतो. बघतो म्हणजे बघतो. मी इथं अंकलेश्वरला साइटवर राबतो, माझाही काही प्लॅन असेल. माझा प्लॅन मोबाईलचा आहे. सेकंडहँड, पण कव्हरसकट.
आईला विचारलं, पोरीला गणिताची आवड आहे कशावरून? उद्या पैसे भरले आणि मन उडालं तर? आई म्हणाली, तुझं सातवीत उडालं तसं तिचं नाय उडायचं.
माझं मन उडालं नव्हतं. मास्तरांची बदली झाली होती.

१५ फेब्रुवारी, रविवार
फोन सावळारामच्या दुकानात केला. आमच्या वैशाखरे गावात फोन म्हणजे तोच. पौर्णिमा आली. सांगत होती, शाळेत कल्याणहून कॉलेजच्या एक बाई आल्यात. पोरांना गणित शिकायची प्रेरणा किती, ते मोजतायत. छापील कागद वाटले. 'गणित सोडवताना मला आनंद होतो', पुढं पाच चौकटी. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. शेजारच्या कमळूनं सगळीकडं पूर्ण सहमत केलं. बाई एवढ्या लांबून आल्या, त्यांना वाईट वाटू नये. 'मला गणिताची भीती वाटते' यालाही पूर्ण सहमत.
मोजतायत म्हटल्यावर मी सावध झालो. मोजणं हा माझा धंदा. देवजी मिस्त्री टेपचं एक टोक घेऊन पुढं जातो, दुसरं मी दाबून धरतो. माझ्या टोकाला शून्य. आकडा तो वाचतो, पण माझं शून्य हललं तर त्याच्या आकड्याला काय किंमत? साइटवर मला हाकच मारतात झिरो म्हणून. पोस्टचं नाव आहे ते.
ठरवलं. पौर्णिमाची प्रेरणा मी स्वतः मोजणार. पुरेशी भरली तर क्लास.

१६ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत प्रश्न काढले. दोन झाले. तिसरा उद्या.
देवजीला विचारलं, प्रेरणा कशात मोजत असतील, फुटात की किलोत. म्हणाला, टाइमपास मत कर, झिरो. त्याला विषय झेपला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
टेस्ट घेतली. पहिला प्रश्न, सतरा गुणिले तेवीस. लगेच म्हणाली तीनशे एक्क्याण्णव. उत्तर मी काढून ठेवलं नव्हतं. म्हटलं, जवळपास आलीस. ती विचारते, जवळपास म्हणजे काय? सांगितलं, फोनवर तपशिलात जाता येत नाय.
दुसरा प्रश्न, गणित सोडवताना तुला आनंद होतो का? म्हणाली, "दादा, मीटर पडतोय." ते 'सांगता येत नाही' मध्ये धरलं.
निष्कर्ष: एका फोनात प्रेरणा मोजून होत नाही. वरचेवर मोजावी लागते. वरचेवर मोजायची तर मोबाईल पाहिजे. म्हणजे मोबाईल हा क्लाससाठीच आहे. आईला हे पटणार नाही. तिचं शिक्षण कमी.

२९ फेब्रुवारी, रविवार
मोठी बातमी. बाईंनी वर्गात एकेकाला उभं करून विचारलं, गणित कोणामुळं शिकावंसं वाटतं. पौर्णिमानं माझं नाव घेतलं! सावळारामनं सांगितलं, त्याची पोरगी भागी त्याच वर्गात आहे. फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, "बोला, शून्यदादा." मागं दोघं-तिघं हसत होते. गावात आनंदाचं वातावरण दिसतंय.
पौर्णिमाला विचारलं, काय गो, नक्की काय सांगितलंस? म्हणाली, असंच. लाजली.
बाई यावर पुस्तक लिहिणार. रत्नदीप हे नाव छापायला बरं दिसतं.

१ मार्च
साइटवर सगळ्यांना सांगितलं. उधारीवर चहा पाजला. देवजी दोन कप प्यायला.
आजपासून रोज एक पाढा. ज्याच्यामुळं शिकतात त्यानं तयार असावं.

२ मार्च
पाढा राहिला. स्लॅब होता.

५ मार्च
तेराचा घेतला. तेरा पाचे पासष्टपर्यंत पक्का. पुढचा येतो, पण घाई नको.

१४ मार्च, रविवार
आईचं परत तेच. कमळूचे पैसे भरून झाले. शाळेत गणिताला सर नाहीत, दिवाळीपासून. क्लास नाय तर दहावीत गणित जाणार, आणि गणित गेलं की पोरगी घरी बसली समज. बुधाजीमामा स्थळ घेऊन तयारच आहे. पोरगा वीटभट्टीवर मुकादम. मी म्हटलं, मोजणी चालू आहे, धीर धरा.
येताना मोबाईल बघून आलो. दुकानदार तेवीसशे म्हणाला. माझ्याकडं बरोबर तेवीसशे जमलेत. असे योग रोज येत नाहीत.

२१ मार्च, रविवार
पौर्णिमाला सांगितलं, मोबाईल फायनल. मग रोज टेस्ट घेईन. क्लासचं जूनमध्ये बघू. वर म्हटलं, वर्गात माझ्याबद्दल काय सांगितलंस ते तरी सांग, इथं लोक विचारतात.
म्हणाली, "मी बोलले, माझ्या दादामुळं. तो टेपचं शून्य धरतो, आकडा दुसराच वाचतो. दुसरा जो वाचेल तो दादाला खरा. मला आकडा वाचायचाय."
वर्ग हसला म्हणे. बाई नाय हसल्या.
मीटर पडत होता. मी म्हटलं, जवळपास बरोबर आहे.

२२ मार्च
अंग मोडून आलंय. तरी कामावर गेलो. टेप धरला. देवजीनं पलीकडून आकडा वाचला, साडेअकरा. जाऊन बघावंसं वाटलं. पण शून्य सोडून जाता येत नाही.

२९ मार्च, सोमवार
अर्ध्या दिवसाचा खाडा करून पोस्टात गेलो. दुकानातल्या त्या मोबाईलचा आवाज तसाही खरखरत होता. तेवीसशे ठेवले आणि म्हटलं, मनीऑर्डर. कारकून म्हणाला, एवढ्यात तेवीसशे जाणार नाहीत, वीस रुपयांना एक रुपया कमिशन, वर आणखी द्या. वर काही नव्हतं. मग म्हणाला, कमिशन धरून तेवीसशेत बसेल असा आकडा लिहा. फॉर्म माझ्याकडं सरकवला. तीनदा हिशोब केला, तीन आकडे आले. मागचे लोक खोकायला लागले.
फोनपुरते सुटे होते. समोरच्या बूथवरून सावळारामला लावला. शाळा अकराची, त्यामुळं ती सापडली. म्हटलं, ही शेवटची टेस्ट, उत्तर माझ्याकडं आहे. ती एकवीसनं भागायचं असं काहीतरी पुटपुटली आणि आकडा सांगितला. मग विचारते, दादा, तू कसं काढलंस?
म्हटलं, मीटर पडतोय.
परत लाइनीत उभा राहिलो. कारकुनानं कमिशन मिळवून बघितलं. बरोबर तेवीसशे. म्हणाला, हिशोब चांगला आहे तुमचा. मी नाही म्हटलं नाही.
पाठवले: रुपये दोन हजार एकशे नव्वद.