फुलीजवळ उभी माणसं

४ जानेवारी, शनिवार

सगळ्यात आधी टपकले पोस्टमास्तर. बोलावलं होतं सहाला, हे पाचलाच वाकून काठी टेकत दारात! मागून शिवणवाल्या बाई. लेकीकडे राहायला येऊन मला चारच दिवस झाले, पण गच्चीवर काय मजा सांगू! जावयांची दुर्बीण आहे. अर्ध्या चंद्रावर, उजेड-अंधाराच्या शिवेवर, डोंगरांच्या नुसत्या कडांना ऊन लागतं नि एक फुली उमटते. महिन्यातून एकदाच, नि तासा-दोन तासांत पुसून जाते. पाहुण्यांनी आधी बघायचं, मग घरच्यांनी. पहिला डोळा लावला पोस्टमास्तरांनी. मग जो तो आपापल्या कागदावर चित्र काढणार, दुसऱ्याचं बघायचं नाही. एकाच्याच कागदावर आलेलं खरं धरत नाहीत. मी चौथी पास, पण दिसलं तसं काढलं: फुली, नि शेजारी एक माणूस, जरा वाकलेला. सगळे पोट धरून हसले. जावयांनी लाल पेन्सिलीनं माणूस खोडला.

७ जानेवारी

पोस्टमास्तर पायरीवर उन्हात चहा पीत बसले होते. कपाची सावली पडली, काठीची पडली. त्यांची नाही. लेकीला सांगितलं तर म्हणते, आई, तुझा मोतीबिंदू पिकला. बरं बाई, पिकला.

२ फेब्रुवारी

पोस्टमास्तर आले नाहीत. अंथरूण धरलंय. अन्न जात नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. आज पहिल्या शिवणवाल्या बाई. माझी पाळी आली तेव्हा फुलीजवळ दोघं उभी. दुसरीच्या गळ्यात मापाची टेप.

जावयांनी पुन्हा खोडलं.

४ फेब्रुवारी

बाईंच्या दुकानात गेले होते. भिंतीवर कात्रीची सावली कापत होती. धरणारा हात – भिंतीवर नव्हता. बाई म्हणाल्या, आजी, भूकच मेली हो माझी.

जो पहिला बघतो, त्याचीच सावली तिथं राहते.

२८ फेब्रुवारी

पोस्टमास्तर गेले. आणि जावयांनी पुढच्या खेपेचा पहिला मान नातीला कबूल केलाय. सात वर्षांची पोर! मी भांडले, रडले. म्हातारीला भ्रम झालाय म्हणाले.

ठरलं. आधी मी बघणार. माझं काय, पिकलं पान.

४ मार्च, मंगळवार

लावला डोळा. सगळ्यांच्या आधी. तिघं होती. तिसरं एवढंसं – दोन वेण्या –

नातीला विचारलं. बाबा खुर्च्या आणायला खाली गेले, तेव्हाच पाहिलं म्हणते. वर हसते.

आता अंगणात, दिव्याखाली, दोरीवरच्या उड्या मारतेय. भिंतीवर दोरी फिरतेय. नुसती दोरी.

पाहुणे निघाले. नक्की येतो म्हणतात, २ एप्रिल, बुधवार – तोवर ही –